जिम्नीचे चाक अधांतरी का राहते?

प्रश्न : हैदराबादच्या जामबागेत विवेकवर्धिनी महाविद्यालयाजवळ राहणाऱ्या वाचकाने पाच दारांच्या जिम्नीला दोन इंचांचे लिफ्ट किट बसवले. तरी खडकांवर एक चाक हवेतच राहते.

उत्तर : गाडी उंच झाली म्हणून चाकांची चाल वाढत नाही. जिम्नीचा पाया उत्तम आहे: पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल आणि कॉइल स्प्रिंग. एक चाक वर गेले की जोडीचे खाली दाबले जाते. मात्र ताठ स्प्रिंगा, आखूड शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि पुढचा स्टॅबिलायझर बार ही चाल अडवतात.

आधी मोजून घ्यावे. २० अंशांच्या रॅम्पवर एक पुढचे चाक चढवायचे, दुसरे कुठलेही चाक उचलले जाईपर्यंत. रॅम्पवर कापलेल्या अंतराला २५९० मिमी व्हीलबेसने भागून १००० ने गुणायचे. १२९५ मिमीला आकडा ५०० येतो.

पैसे लांब शॉकवर घालावेत. चाक पूर्ण लोंबकळवून ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, हे हाताने चाचपावे. लिफ्टमुळे अ‍ॅक्सल बाजूला सरकतो. त्यासाठी अ‍ॅडजस्टेबल पॅनहार्ड रॉड हवाच.

स्टॅबिलायझरची लिंक फक्त खडकांवर सोडावी, डांबरी रस्त्याआधी जोडावी. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेतील बदलांवर बंधन घालते; खर्चाआधी आरटीओत विचारून घ्यावे.