कुलूप आणि किल्ली

चोर येऊ नये म्हणून आपण दाराला कुलूप लावतो. ते योग्यच आहे. पण चोराला अडवणारे कुलूप घरच्या माणसालाही अडवते का, हे पाहिले पाहिजे.

एक गोष्ट ऐका. सुगीचे दिवस होते. मुलगा आणि सून काढणीला निघाली. घरी आजी आणि तीन वर्षांचा नातू. सून म्हणाली, "आत्याबाई, गावात चोऱ्या होताहेत. बाहेरून कुलूप लावून जाते."

तिने किल्ली कमरेला खोचली. दोघे रानात गेली.

दुपारी चुलीजवळच्या गोवऱ्या पेटल्या. घरात धूर कोंडला. आजीने दार ओढले. दार उघडेना. खिडकीला लोखंडी गज. आजी ओरडली. लोक धावले, पण किल्ली रानात! अखेर शेजारच्या तात्यांनी पहारीने कोयंडा उपटला. दोघांना बाहेर काढले.

सून रडू लागली. "तात्या, चोरानं काय नेलं असतं? चार भांडी. माझ्या कुलपानं तर माणसं गेली असती."

तात्या म्हणाले, "पोरी, कुलूप वाईट नाही. माणसं आत आणि किल्ली रानात, हे वाईट."

आगीत जाळाआधी धूरच माणसाला गुदमरवतो. तेव्हा दार झटकन उघडले पाहिजे. म्हणून एवढे करा :

१. घरात माणूस असताना बाहेरून कुलूप लावू नका. आतून कडी लावा. ती म्हाताऱ्या माणसालाही काढता यावी.

२. दुसरी किल्ली भरवशाच्या शेजाऱ्याकडे द्या. उंबऱ्याजवळ किंवा तुळशीवृंदावनात लपवू नका. चोर तिथे आधी हात घालतो.

३. एका खिडकीचे गज बिजागरीवर बसवा. ते आतून उघडता यावेत.

४. दारे-खिडक्या गच्च लावून कोळशाची शेगडी पेटती ठेवू नका. तिच्या विषारी वायूला वास नसतो. माणूस झोपेतच दगावतो.

५. कुंपणाच्या तारेत वीज सोडू नका. घरातली वीज २३० व्होल्टची असते. तारेला चोर कोण, पोर कोण, हे कळत नाही. शिवाय तो गुन्हा आहे.

संकट आले तर ११२ या नंबरावर फोन करा.

आज रात्री दिवा मालवा आणि अंधारात आपल्या दाराची कडी काढून पाहा. घरातल्या प्रत्येकाला ती काढता येते का?

सांगा पाहू :
१. आजीला दार का उघडता आले नाही?
२. तुमची दुसरी किल्ली कोठे आहे?