फोनची दुरुस्ती : आता की नंतर?

मोबाइल फोनच्या पडद्यावर अधूनमधून एक सूचना उमटते : नवे अपडेट आले आहे, ते बसवायचे का? तिच्याखाली दोन पर्याय असतात, 'आता' आणि 'नंतर'. पुष्कळांचे बोट 'नंतर'वर जाते. कारण विचारले तर साधारणपणे चार प्रकारची उत्तरे मिळतात. एक म्हणतो, "फोन नीट चालला आहे, चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची?" दुसरा म्हणतो, "अपडेट केले की फोन मंद होतो. नवा फोन खपवण्याची ही कंपन्यांची युक्ती आहे." तिसऱ्याला डेटा आणि जागा खर्च होते म्हणून अपडेट नको असते. चौथा विचारतो, "माझ्या फोनमध्ये चोरण्यासारखे आहे तरी काय?"

ही मते केवळ आळसातून आली आहेत, की त्यांत काही तथ्य आहे? विज्ञानाच्या विद्यार्थ्याने कोणतेही मत हसण्यावारी नेऊ नये आणि तपासल्याशिवाय मानूही नये. तेव्हा आपण ती तपासून पाहू या.

फट कशी पडते?

फोनचे यंत्र आणि आपण वापरतो ती ॲप्स यांच्यामध्ये एक मोठी आज्ञावली काम करीत असते. स्मृतीतील जागा कोणाला किती द्यायची, कॅमेरा कोणाला वापरू द्यायचा, हे ती ठरवते. हीच ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे कार्यप्रणाली. गूगलची अँड्रॉइड आणि ॲपलची आयओएस या दोन कार्यप्रणाली आज सर्वांत जास्त फोनांत आढळतात. त्यांतील आज्ञांच्या ओळी लक्षावधी असतात. इतक्या ओळी माणसांनी लिहायच्या म्हणजे चुका राहणारच. त्यांपैकी काही चुका अशा असतात की त्यांतून परक्याला आत शिरता येते. अशा चुकीला आपण 'फट' म्हणू.

२०१५ साली उजेडात आलेली एक फट पाहा. अँड्रॉइडमध्ये चित्रफिती वाचणारा 'स्टेजफ्राइट' नावाचा एक भाग होता. जोशुआ ड्रेक या संशोधकाने त्यात अनेक चुका शोधून काढल्या. त्यांतील एक समजण्यासाठी जुन्या स्कूटरचा अंतरमापक आठवा. त्यावर पाचच आकडे असतील, तर ९९,९९९ नंतर तो पुन्हा ००००० दाखवतो. संगणकातील संख्यांचेही तसेच असते. ३२ अंकांच्या द्विमान संख्येत ४,२९,४९,६७,२९५ ही सर्वांत मोठी किंमत मावते. त्यात एक मिळवला, की शून्य!

चित्रफितीची फाइल तुकड्यातुकड्यांनी बनलेली असते आणि प्रत्येक तुकड्याच्या आरंभी त्याची लांबी लिहिलेली असते. हाती आलेल्या तुकड्याला नवा तुकडा जोडायचा झाला, की फोन दोन्ही लांबींची बेरीज करून तेवढी जागा राखून ठेवतो. आता आपल्या पाच आकडी मापकावर हेच करू. हाती १५० अक्षरे आहेत. लबाड माणसाने पुढच्या तुकड्याची खोटी लांबी ९९,९०० लिहिली. बेरीज १,००,०५० व्हायला हवी. पण मापकावर उरले ००,०५०. म्हणून फोनने ५० अक्षरांचीच जागा राखली आणि तीत हातची १५० अक्षरे ओतली. शेराच्या मापात मणभर धान्य ओतल्यावर व्हायचे तेच झाले. वरची १०० अक्षरे शेजारच्या जागेत सांडली. ती कशी आणि कोठे सांडावीत हे लबाडाने आधीच योजलेले असेल, तर फोन मालकाच्या आज्ञा सोडून त्याच्या आज्ञा पाळू लागतो.

यात भर म्हणजे, त्या वेळी अनेक फोन संदेशातून आलेली चित्रफीत मालकाने उघडण्यापूर्वीच वाचून ठेवीत. या फटीची झळ सुमारे ९५ कोटी उपकरणांना पोहोचू शकेल, असा ड्रेक ज्या कंपनीत काम करीत होते तिचा अंदाज होता.

आणि दुरुस्ती केवढी? बेरीज करण्यापूर्वी ती मावते का हे पाहायचे. मावत नसेल तर फाइल नाकारायची. अवघ्या काही ओळींचे काम! तरीही पहिली दुरुस्ती अपुरी निघाली आणि दुसरी करावी लागली. ऑगस्ट २०१५ पासून गूगलने आपल्या फोनांना दरमहा सुरक्षा-दुरुस्ती देण्याचा शिरस्ता सुरू केला. यावरून पहिल्या मताचे उत्तर मिळते. गाडी चालती दिसते म्हणजे ती सुरक्षित आहे असे नव्हे. फट असलेला फोनही उत्तमच चालतो!

चोराला मिळणारी खूण

दुरुस्ती आल्यावर ती न बसवलेल्या फोनचा धोका पूर्वीइतकाच राहतो का? नाही, तो वाढतो. जुनी आणि नवी आज्ञावली शेजारी ठेवून पाहिली, की नेमके काय बदलले ते जाणकाराला दिसते. म्हणजे दुरुस्ती हाच फटीचा पत्ता ठरतो.

याचे ठळक उदाहरण मोबाइलचे नसून संगणकाचे आहे. पण तत्त्व तेच. विंडोज कार्यप्रणालीतील एका फटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिली. त्यानंतर १२ मे रोजी 'वॉनाक्राय' हा घातक कार्यक्रम त्याच फटीतून जगभर पसरला. मध्ये ५९ दिवस गेले होते. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ पैकी किमान ८० संस्थांच्या कामात व्यत्यय आला आणि हजारो रुग्णांच्या तपासण्या रद्द कराव्या लागल्या. औषध दारात आले होते, पण अनेकांनी ते घेतले नव्हते.

चौथ्या मताचे काय? ऑगस्ट २०१६ मध्ये संयुक्त अरब अमिरातींतील मानवी हक्कांचे कार्यकर्ते अहमद मन्सूर यांच्या आयफोनवर एका दुव्यासह संदेश आले. त्यांनी दुव्याला बोट न लावता ते संदेश टोरांटो विद्यापीठातील 'सिटिझन लॅब'कडे पाठवले. तपासात आयओएसमधील तीन फटी सापडल्या आणि ॲपलने २५ ऑगस्टला दुरुस्ती दिली. ती सर्व आयफोनधारकांच्या उपयोगी पडली. आपण मन्सूर यांच्यासारखे कोणाच्या डोळ्यांत खुपत नसू. पण यूपीआयचे व्यवहार, बँकेचे ओटीपी आणि नातेवाइकांचे क्रमांक आपल्याही फोनमध्ये असतातच.

तक्रारीतील तथ्य

आता दुसरे मत. यात तथ्य आहे. जानेवारी २०१७ मध्ये ॲपलने आयओएस १०.२.१ हे अपडेट दिले. त्यात सुरक्षा-दुरुस्त्या होत्या. पण जुनी बॅटरी असलेल्या काही आयफोनांचा वेग कमी करण्याची योजनाही होती. वापरणाऱ्यांना याची नीट कल्पना दिली नव्हती. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने ती गोष्ट मान्य केली. फ्रान्समध्ये तिला २०२० साली अडीच कोटी युरो दंड भरावा लागला.

वेग का कमी केला, हे मात्र भौतिकशास्त्राने समजते. बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. समजा, बॅटरीचे विद्युतगामक बल ३.८ व्होल्ट आहे आणि घाईच्या कामात फोन ३ अँपिअर धारा घेतो. रोध ०.१ ओहम असता फोनला ३.८ − (३ × ०.१) = ३.५ व्होल्ट मिळतात. रोध ०.२५ ओहम झाला तर मिळतात ३.०५ व्होल्ट. फोनला किमान ३.२ व्होल्ट लागत असतील, तर तो एकाएकी बंद पडेल! वेग कमी करून धारा २ अँपिअरवर आणली, तर ३.३ व्होल्ट मिळतात आणि फोन चालू राहतो. म्हणजे उपाय शास्त्राला धरून होता. चूक होती ती न सांगण्याची. मार्च २०१८ मध्ये बॅटरीची प्रकृती पाहण्याची सोय देण्यात आली.

अपडेटच बिघडण्याचेही प्रसंग आहेत. २४ सप्टेंबर २०१४ रोजी आलेल्या आयओएस ८.०.१ मुळे काही नव्या आयफोनांचे नेटवर्कच गेले. ॲपलला ते थोड्याच वेळात मागे घ्यावे लागले.

मग निर्णय कसा करावा?

अपडेटमध्ये दोन निराळ्या गोष्टी असतात हे आता ध्यानात आले असेल. नवी सोय, नवे रूप किंवा नवी मोठी आवृत्ती ही पहिली. सुरक्षा-दुरुस्ती ही दुसरी. पहिलीसाठी आठ-पंधरा दिवस थांबून इतरांचे अनुभव पाहणे शहाणपणाचे आहे. दुसरीला मात्र थांबवू नये. कंपन्या दोन्हींची मोट बांधतात तेव्हा वाचून ठरवावे. आणि सुरक्षा-दुरुस्ती असेल तर ती घ्यावी. तिसऱ्या तक्रारीवर तोड सोपी आहे : महत्त्वाची छायाचित्रे दुसरीकडे उतरवून जागा करावी, फोन चार्जिंगला लावावा आणि वायफाय मिळेल तेथे अपडेट करावे.

एक अडचण मात्र आपल्या हातात नसते. अँड्रॉइडची दुरुस्ती गूगलकडून निघून फोन बनवणाऱ्या कंपनीमार्फत आपल्याकडे येते, आणि काही वर्षांनी ती येणे थांबते. ही मुदत कंपनीगणिक वेगळी असते. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ साठी सात वर्षांचे आश्वासन दिले. स्वस्त फोनांची मुदत पुष्कळदा याहून बरीच कमी असते. म्हणून फोन घेताना दुकानदाराला कॅमेऱ्याबरोबर हाही प्रश्न विचारावा : सुरक्षा-दुरुस्ती किती वर्षे मिळेल?

करून पाहा

१. घरातील प्रत्येक फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन शेवटच्या सुरक्षा-दुरुस्तीची तारीख शोधा. वर्गातील सर्वांच्या नोंदींचा तक्ता करा. किती फोन सहा महिन्यांहून मागे आहेत?

२. घरच्या मंडळींना अपडेट न करण्याचे कारण विचारा. ते वरील चार मतांपैकी कोणत्या मतात बसते? पाचवे निघाले तर त्याची अवश्य नोंद करा.

३. चार आकडी मापकावर हाती २०० अक्षरे असताना नव्या तुकड्याची लांबी किती लिहिली तर बेरीज ३० दिसेल?

४. संदेशातील दुव्यावरून 'अपडेट' कधीच का घेऊ नये, ते फोनच्या सेटिंग्जमधूनच का घ्यावे? वर्गात चर्चा करा.

(तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर : ९,८३०)