गोधडीचे थर, डच वारा आणि सायकल

नेदरलँड्सला पहिल्यांदा निघालेल्या मराठी माणसाच्या बॅगेत एक जाडजूड जॅकेट हमखास असतं. निघण्याच्या आदल्या आठवड्यात घेतलेलं, बॅगेची अर्धी जागा खाणारं. अॅमस्टलवीन, आइंडहोवन, द हेग इथे दहा-पंधरा वर्षं काढलेल्या कुटुंबांना विचारलं, तर पहिल्या हिवाळ्यानंतर ते जॅकेट कपाटात गेलं ते गेलंच, असं बहुतेक घरांत ऐकायला मिळतं. बसथांब्यावर उभं राहायला ते उत्तम. सायकलवर मात्र ते पहिल्या दहा मिनिटांत घामाने भिजवतं आणि सिग्नलला थांबलं की त्याच घामाने हुडहुडी भरवतं.

सायकल तर इथे टळत नाही. सुमारे १ कोटी ८० लाख लोकांच्या या देशात सायकली दोन कोटींहून जास्त आहेत. शाळा, ऑफिस, स्टेशन, भाजी, दवाखाना, सगळीकडे तीच. त्यामुळे नवीन घर लागलं की भांड्याकुंड्यांच्या आधी कपड्यांचा विचार करा, असं जुनी मंडळी सांगतात.

पावसाचं गणित आधी समजून घ्यावं. पुण्यात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो, नेदरलँड्सच्या मध्यावरच्या दे बिल्टमध्ये साधारण ८५०. फरक फार नाही. पण पुण्याचा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये आटोपतो आणि मग छत्र्या माळ्यावर जातात. इथला बारा महिने थोडा थोडा येत राहतो. एप्रिल तर श्रावणासारखा: सर, ऊन, पुन्हा सर, मध्येच गारा. सकाळी ४ अंश असलेलं तापमान दुपारी १५ वर जातं. ‘एप्रिल त्याच्या मनाला येईल तेच करतो’ अशी डच म्हणच आहे.

थंडीपेक्षा जास्त छळतो तो वारा. सपाट मुलूख, अडवायला डोंगर नाही. तापमान ५ अंश असेल आणि अंगावर ताशी २० किलोमीटरने वारा येत असेल, तर अंगाला ते १ अंशासारखं लागतं. वारा पडलेला असला तरी सायकलस्वार स्वतःच्या वेगाने जवळजवळ एवढा वारा ओढवून घेतो. ऑस्टरस्खेल्डच्या समुद्री बंधाऱ्यावर तर वादळी वारा सुटला की समोरच्या वाऱ्याविरुद्ध साडेआठ किलोमीटर सायकल मारण्याची राष्ट्रीय स्पर्धा भरवतात, तीही गिअर नसलेल्या साध्या सायकलींवर.

यावर उपाय आपल्या घरातच होता. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे पातळ थर एकावर एक ठेवून आजीने धावदोरा घातला की गोधडी होते. तिची ऊब थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते. सायकलचे कपडे याच हिशेबाने घालायचे, फक्त मध्ये टाके नकोत. गरम झालं की एक थर काढता आला पाहिजे.

अंगालगतचा थर घाम शोषून बाहेर सोडणारा हवा. इथे सुती बनियन दगा देतं. सूत पाणी धरून ठेवतं आणि भिजलं की ऊब जाते. त्याऐवजी पातळ मेरिनो लोकर किंवा खेळाडू वापरतात तसला पॉलिस्टरचा टी-शर्ट घ्यावा. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. मधला थर म्हणजे पातळ स्वेटर किंवा फ्लीस. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ बरे. बाहेरचा थर वारा आणि पाणी अडवणारा. त्याला ऊब नसली तरी चालते.

किती थर घालायचे, याची सोपी खूण अनुभवी मंडळी सांगतात: दाराबाहेर पाऊल टाकताना किंचित गार वाटलं पाहिजे. पेडल मारताना स्नायू जी शक्ती वापरतात, तिचा साधारण पाऊण भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. दहा मिनिटांत अंग आपोआप तापतं. बोटं आणि कान मात्र तापत नाहीत. म्हणून हातमोजे आणि पातळ कानटोपी ऑक्टोबरपासूनच खिशात असू द्यावी.

पैसे खर्च करायचे ते बाहेरच्या थरावर. पावसाळी जॅकेट आणि विजारीच्या जोडीला इथे ‘रेखनपाक’ म्हणतात. दुकानात ते आतून उलटं करून पाहावं. शिवणींवर गुळगुळीत पट्टी चिकटवलेली नसेल, तर पाणी सुईच्या भोकांतून झिरपणारच. लेबलवर पाणी रोखण्याची क्षमता मिलिमीटरमध्ये असते. रोजच्या प्रवासाला ५,००० ते १०,००० पुरतात. काखेत चेन असली तर वाफ निघून जाते. पाठ लांब हवी, म्हणजे वाकल्यावर कंबर उघडी पडत नाही. विजार बुटांवर उतरणारी घ्यावी, नाहीतर सगळं पाणी ओघळून मोज्यांत जमतं. टोपडं डोक्याबरोबर वळतं का, हे मान फिरवून बघावं. ते जागेवरच राहिलं तर मागून येणारी गाडी दिसत नाही. स्वस्त पोंचो उभ्या पावसात ठीक, वाऱ्यात त्याचं शीड होतं.

धुताना फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात घालू नये, त्याने कापडाचा पाणी झटकण्याचा गुण जातो. बाहीवर पाण्याचे थेंब मोत्यांसारखे घरंगळायचे थांबले, की लेप पुन्हा द्यायची वेळ झाली असं समजावं. ओलं रेखनपाक घडी घालून बॅगेत राहिलं तर दुसऱ्या दिवशी कुबट वास सुटतो. ऑफिसात पोचल्यावर ते आधी टांगावं. खणात कोरड्या मोज्यांचा एक जोड कायम असावा.

निघण्याआधी फोनवर पावसाचं रडार बघण्याची सवय लावून घ्यावी. पुढच्या दोन तासांत सर कधी येईल आणि कधी जाईल, ते त्यात मिनिटांच्या हिशेबाने दिसतं. पुष्कळदा पंधरा मिनिटं चहा घेत थांबलं की कोरडं जाता येतं. पण हे बघायचं ते घरात. चालत्या सायकलवर फोन हातात धरायला १ जुलै २०१९ पासून बंदी आहे. डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतो, म्हणजे ऑफिसच्या दोन्ही वेळा अंधारात. पुढे पांढरा किंवा पिवळा आणि मागे लाल दिवा सक्तीचा आहे. तो छातीवर आणि पाठीवर लावला तरी चालतो. अंधारात दिसावं म्हणून बाहेरचं जॅकेटही गडद रंगाचं घेऊ नये.

गणपतीला साडी नेसून सायकलवर जाणाऱ्या बायका इथे आहेत. डच सायकलची चेन बंद पेटीत असते आणि मागच्या चाकावर कपडा अडकू नये म्हणून जाळी किंवा आवरण बसवून मिळतं. पदर किंवा ओढणी मात्र जॅकेटच्या आत खोचूनच निघायचं.

लहान मूल पुढच्या सीटवर असेल, तर अंदाज स्वतःच्या अंगावरून करू नये. आई-बाबा पेडल मारून तापलेले असतात. मूल स्वस्थ बसलेलं असतं आणि वारा आधी त्याला लागतो. त्याला मोठ्यांपेक्षा एक थर जास्त घालावा, आणि वाटेत सिग्नलला थांबलं की हातमोजा काढून त्याच्या मानेला हात लावून पाहावा.