तानपुऱ्याला पर्याय : एक विचार

अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षी आपण ‘पर्यायी वस्तू’ ही संज्ञा शिकतो. चहा महागला की लोक कॉफीकडे वळतात, हे उदाहरण तर सर्वांना पाठच असते. परंतु अमुक वस्तू तमुक वस्तूला पर्याय आहे असे म्हणताना ती कोणत्या उपयोगापुरती पर्याय आहे, हे आपण क्वचितच विचारतो. सकाळी वाणिज्य शाखेचे तास आणि संध्याकाळी गायनाचा वर्ग असा माझा दिनक्रम असल्यामुळे हा प्रश्न मला वाद्यांच्या बाबतीत पडला. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे.

पाश्चात्त्य देशांत हा वाद पियानोवरून चालतो. ग्रँड पियानोला ८८ पट्ट्या आणि दोनशेहून अधिक तारा असतात. पट्टी दाबली की नमदा लावलेली हातोडी तारेवर आदळते आणि लगेच मागे सरते. एकदा हातोडी तारेपासून सुटली की वादकाला त्या आघातात काही बदल करता येत नाही. म्हणूनच यंत्राचे काम पुष्कळ सोपे होते: पट्टी किती वेगाने खाली गेली ते मोजावयाचे आणि खऱ्या पियानोवरून ध्वनिमुद्रित केलेला, त्या मापाचा स्वर कर्ण्यातून सोडावयाचा. यामाहा कंपनीने २००९ साली काढलेल्या ‘अवांतग्रँड’मध्ये तर पट्ट्या-हातोड्यांची खरी यंत्रणाच बसविली, फक्त तारा ठेवल्या नाहीत. एक तार वाजताच शेजारच्या तारा आणि लाकडी फळा थरारून उठतो, तो अनुभव कर्ण्यातून तसाच्या तसा मिळत नाही हे खरे. पण रात्री शेजाऱ्यांची झोप न मोडता सराव करता येतो, हा फायदा काही लहान नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पियानोवादक सहसा आपला पियानो स्वतः जुळवीत नाही. त्यासाठी वर्षातून एकदा-दोनदा वेगळा कसबी माणूस येतो. तेव्हा विजेचा पियानो आला म्हणून वादकाच्या अंगचे कसब जात नाही. जुळविण्याचे कसब त्याचे नव्हतेच.

आपल्याकडे हाच प्रश्न तानपुऱ्याच्या रूपाने उभा राहतो. बंगळूरचे जी. राज नारायण यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला. आता तर तो मोबाईलमध्येही येऊन बसला आहे. आमचे कानडी वर्गमित्र अशा पेटीला ‘श्रुती पेट्टिगे’ म्हणतात. तिचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. भोपळा फुटण्याची भीती नाही, एस. टी.च्या गर्दीत नेता येते, पावसाळी हवेत सूर उतरत नाही आणि साथीला दुसरे माणूस लागत नाही. वसतिगृहाच्या एका खोलीत तिघांनी राहणाऱ्या विद्यार्थ्याला ही पेटी म्हणजे वरदानच होय.

मग तानपुऱ्यात असे विशेष ते काय? चारच तारा: पहिली बहुधा पंचमाची, मधली जोडी षड्जाची आणि शेवटची खर्जाची. पण या तारा घोडीच्या किंचित उतरत्या, रुंद पृष्ठभागाला घासत कंप पावतात, आणि तारेखाली सरकविलेल्या सुती दोऱ्याने हा स्पर्श नेमका करता येतो. हीच जवारी. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवरील निबंधात याचा अभ्यास मांडला. तार बरोबर मध्यावर छेडली तर काही उपस्वर उमटू नयेत, असा सर्वसाधारण नियम. तानपुऱ्यात मात्र तेही स्पष्ट ऐकू येतात, असे त्यांना आढळले.

यामुळेच चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्यातून, एकही तार गंधाराची नसताना, गंधार ऐकू येतो. त्याला ‘स्वयंभू गंधार’ म्हणतात. त्याचा हिशेब सोपा आहे. खर्जाची कंपने सेकंदाला १०० धरली तर पाचवा उपस्वर ५०० कंपनांचा येतो, आणि तोच गंधार. पियानोच्या पद्धतीने जुळविलेल्या पट्टीवर त्याच जागेचा गंधार सुमारे ५०४ कंपनांचा असतो. हा चार कंपनांचा फरक ओळखू येणे म्हणजेच कान तयार होणे.

चांगल्या यंत्रातूनही हा गंधार ऐकू येतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. फरक पडतो तो त्याच्या आधी. यंत्राचे बटण फिरविले की सूर तयार मिळतो. तानपुरा मात्र गाणाऱ्याने प्रत्येक बैठकीला स्वतः जुळवावा लागतो. खुंटी पिळावयाची, मणी केसभर सरकवावयाचा, दोरा हलवावयाचा आणि जोडीच्या दोन तारांमधला डोल नाहीसा होईपर्यंत ऐकत राहावयाचे. सुरुवातीला मला यात अर्धा तास लागे आणि तो वेळ फुकट गेला असे वाटे. काही महिन्यांनी ध्यानात आले की गळ्यातून षड्ज चढा लागला तर आता कोणी सांगावे लागत नाही. तो अर्धा तास हाच पहिला पाठ होता. पियानोचे यंत्र जे काम वादकाकडून घेत नाही, तेच काम तानपुऱ्याचे यंत्र गायकाकडून काढून घेते.

आता खर्चाची बाजू. यंत्र काही हजारांत येते. मिरजेचा चांगला तानपुरा त्याच्या कित्येक पट महाग. मिरजेत १९व्या शतकात फरीदसाहेब यांच्यापासून ही कारागिरी रुजली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणि तून लाकूड यांतून तेथे तानपुरे घडतात. २०२४ साली मिरजेच्या सतार व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. मानांकनाने नाव टिकते, पण कारागीर टिकतो तो कामाने. जवारी झिजते, ती पुन्हा काढावी लागते. हे काम येणारे हातच उरले नाहीत तर घरोघरचे जुने तानपुरे मुके होतील. शिवाय आजच्या अनेक यंत्रांतला आवाज तरी कुठला? कोणा कारागिराने घडविलेल्या आणि कोणी तरी कान लावून जुळविलेल्या तानपुऱ्याचेच ते ध्वनिमुद्रण. नक्कल अस्सलाच्या भांडवलावर जगते. ते भांडवल खाऊन टाकणे हा काही चांगला व्यवहार नव्हे.

आपल्या महाविद्यालयाच्या संगीत मंडळाकडे दोन तानपुरे आहेत. तारा तुटल्यामुळे ते कपाटावर पडून आहेत, आणि त्यांच्याऐवजी नवे यंत्र घ्यावे अशी सूचना यंदा पुढे आली आहे. माझे मत असे की यंत्र अवश्य घ्यावे, पण ‘ऐवजी’ नव्हे. मिरज येथून रेल्वेने काही तासांवर आहे. दोन्ही तानपुरे तेथे नेऊन तारा व जवारी करून आणावी. रोजच्या रियाजाला यंत्र वापरावे आणि आठवड्यातून एक दिवस प्रत्येक नव्या विद्यार्थ्याने तानपुरा स्वतः जुळवावा, मग त्या दिवशी गाणे थोडे कमी झाले तरी चालेल. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर सुराच्या सोबतीसाठी या दोन वस्तू परस्परांना पर्यायी आहेत. कान घडविण्यासाठी मात्र तानपुऱ्याला अजून पर्याय नाही.