अवयवाची कड

कोक्विटलाम, ब्रिटिश कोलंबिया



सीटी स्कॅन म्हणजे शरीराच्या आडव्या कापांची चळत. पोटाच्या एका तपासणीत असे शेकडो काप निघतात आणि प्रत्येक काप साधारणपणे ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचा असतो. प्रत्येक ठिपक्यापाशी एकच आकडा असतो. त्या जागेने क्ष-किरण किती अडवले, त्याचे ते माप. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मोजपट्टीवर पाणी शून्यावर, हवा उणे १००० वर, चरबी उणे १०० च्या आसपास आणि हाड काही शेकड्यांवर येते. यकृत कुठे संपले आणि जठर कुठे सुरू झाले, हे मात्र स्कॅनमध्ये लिहिलेले नसते. ती कड शोधून ठिपक्याठिपक्याला अवयवाचे नाव देण्याच्या कामाला सेगमेंटेशन म्हणतात.

हे काम रुग्णाच्या जिवाशी जोडलेले आहे. कर्करोगावर किरणोपचार करण्यापूर्वी गाठीभोवती आणि जवळच्या निरोगी अवयवांभोवती रेघ आखावी लागते. मारा किती आणि कुठून, हे त्या रेघेवर ठरते. जिवंत दात्याचे यकृत घेताना दात्याकडे किती उरेल, हेही याच रेघेवरून मोजतात. हाताने कापामागून काप आखण्यात डॉक्टरांचे तास जातात. म्हणून संगणकाची मदत.

अडचण आकड्यांतच आहे. हाड वेगळे काढणे सोपे, कारण त्याचा आकडा दूर असतो. कॉन्ट्रास्टचे औषध न देता काढलेल्या स्कॅनमध्ये यकृत, प्लीहा आणि स्नायू हे तिन्ही साधारण ४० ते ६० च्या पट्ट्यात येतात. नुसत्या आकड्याची चाळणी लावली तर ते एकमेकांत मिसळतात. त्यामुळे आकड्यापलीकडचे ज्ञान यंत्राला पुरवावे लागते.

ते पुरवण्याच्या तऱ्हा बदलत गेल्या. १९८८ मध्ये कॅस, विटकिन आणि टर्झोपोलस यांनी ‘स्नेक’ नावाची लवचीक वक्ररेषा मांडली. ती अवयवाजवळ सोडली की कडेकडे ओढली जाते आणि तरीही गुळगुळीत राहते. ‘लाइव्ह-वायर’ पद्धतीत माणूस कडेवर एक बिंदू देतो, माउस पुढे सरकवतो आणि मधली सर्वांत सोयीची वाट संगणक काढतो. २०१५ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग येथून ‘यू-नेट’ हे न्यूरल नेटवर्क, म्हणजे संगणकी जाळे, आले. त्यात नियम सांगावे लागत नाहीत; तज्ज्ञांनी आखलेली उदाहरणे पाहून जाळे स्वतः शिकते. २०२३ मध्ये बाझेलच्या विद्यापीठ रुग्णालयातील संशोधकांनी ‘टोटलसेगमेंटेटर’ प्रसिद्ध केले. १२०४ सीटी तपासण्यांच्या संचावर उभे केलेले हे साधन तेव्हा शरीरातील १०४ रचना ओळखत होते.

या वाटेवरचा एक मोलाचा टप्पा कोक्विटलामच्या शेजारी, बर्नाबीच्या डोंगरावर घडला. तिथल्या सायमन फ्रेझर विद्यापीठातील घसान हमारने आणि अँड्र्यू टॉप यांनी व्हँकूवरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील रफीफ अबूघरबिए यांच्यासह २०११ मध्ये एक पद्धत मांडली. ‘टर्टलसेग’ हे साधन याच गटाच्या कामातून आले. त्यात माणूस मोजके काप लाइव्ह-वायरने आखतो आणि उरलेला त्रिमितीय आकार संगणक भरून काढतो. इथवर नवल नाही. पुढे संगणक स्वतःच्या उत्तरात कुठे किती खात्री आहे, हे तपासतो. कड कुठे पुसट आहे, आतल्या-बाहेरच्या भागांत फरक कुठे पडत नाही, अशा खुणांवरून तो सर्वांत जास्त संदिग्ध असलेला काप निवडतो. मग तो काप तिरपा असला तरी चालतो. नेमका तोच काप आखून द्या, असे तो माणसाला सांगतो. डॉक्टरांचा वेळ सोप्या जागी खर्च होत नाही; जिथे यंत्र अडते, तिथेच लागतो.

चांगल्या साधनाची पारख यातच आहे. आपल्याला कुठे कळत नाही हे ज्याला कळते, त्याच्या उत्तरावर विसंबता येते. माणसालाही हीच कसोटी लावावी.

निकाल मोजण्यासाठी डाइस गुणांक वापरतात: दोन्ही आखण्यांतील सामाईक भागाची दुप्पट, भागिले दोन्ही आखण्यांची बेरीज. डॉक्टरांनी १५०० मिलिलिटर यकृत आखले, यंत्रानेही १५०० आखले आणि १४२५ जुळले, तर गुणांक ०.९५ येतो. आकडा देखणा आहे. पण न जुळलेले ७५ मिलिलिटर कडेवर पातळ पसरलेले असतील, किंवा एकाच जागी, गाठीच्या शेजारी, एकवटलेले असतील. गुणांक दोन्हींना सारखाच मान देतो. म्हणून दोन कडांमधले सर्वांत मोठे अंतर सांगणारे हाउसडॉर्फ मापही काढावे आणि त्यानंतर चित्र डोळ्यांनी पाहावे.

या विषयात उतरणाऱ्या विद्यार्थिनीने आधी शरीररचना शिकावी. स्वादुपिंड निदान दहा स्कॅनमध्ये हाताने आखावे, त्याशिवाय त्यासाठीचा प्रोग्राम लिहू नये. दोन अनुभवी रेडिओलॉजिस्टच्या आखण्यांत किती फरक पडतो, हे आधी मोजावे; त्या फरकापेक्षा बारीक अचूकतेचा दावा करू नये. चित्र उलटलेले नाही ना, हे प्रत्येक फाइलमध्ये तपासावे. पडद्यावर रुग्णाची उजवी बाजू पाहणाऱ्याच्या डावीकडे असते, आणि उलटलेल्या फाइलमध्ये यंत्र डाव्या मूत्रपिंडाला उजवे म्हणू शकते. काहींचे एक मूत्रपिंड काढलेले असते, काहींची दोन्ही घोड्याच्या नालेसारखी जोडलेली असतात, क्वचित कोणाचे यकृत जन्मतःच डावीकडे असते. यंत्राला शिकवायच्या संचात असे रुग्ण थोडे असतात, म्हणून यंत्र तिथे चुकते. ते रुग्ण मुद्दाम शोधून चाचणीत घ्यावेत. एका रुग्णालयाच्या मशीनवर शिकलेले साधन दुसरीकडे वापरण्यापूर्वी तिथल्या स्कॅनवर पुन्हा तपासावे.

रुग्णाचा मान राखावा. स्कॅनच्या फाइलमध्ये नाव आणि जन्मतारीख असते, ती काढून टाकावी. डोक्याच्या स्कॅनवरून चेहरा पुन्हा उभा करता येतो, हेही विसरू नये.

शेवटची रेघ सही करणाऱ्या डॉक्टरची असते. ती रेघ बिनचूक निघावी, यासाठी यंत्र घडवणाऱ्याने आपल्या शंका लपवू नयेत. यंत्राला जिथे खात्री नाही, तिथे त्याने ते पडद्यावर स्पष्ट दाखवावे.

– मामा