पहिल्या सरीचे पाणी

पावसाचे पाणी आभाळातून पडताना बहुधा स्वच्छ असते. बिघडते ते जमिनीवर. पावसाळ्यातील पहिल्या सरीचे गटारीचे पाणी एका बाटलीत घ्यावे, सर टिकल्यास अर्ध्या तासाने दुसऱ्या बाटलीत. पहिलीत उन्हाळाभराची धूळ, शेण, मोटारींचे तेल, टायरांचा चुरा. दुसरी पुष्कळदा निवळ दिसते. म्हणून इंजिनियर सगळ्या पुराच्या मागे लागत नाहीत, पहिला लोंढा तेवढा अडवतात. वाटेत जाळी, मग हौद, मग गवताळ चर. हौदात वेग मंदावला की गाळ बसतो, आणि शिसे-जस्त पुष्कळसे त्या गाळालाच चिकटलेले असते.

सांडपाण्यापुढे मात्र हा उपाय लंगडा पडतो. त्यात विरघळलेले नत्र व स्फुरद हौदात बसत नाहीत. उणकल तलावात माजणारी जलपर्णी अशाच खाद्यावर पोसते. तलावापासून हुबळीतून जाणाऱ्या उणकल नाल्याकाठचा हरित मार्ग २०१९ साली फ्रान्सच्या साहाय्याच्या केंद्रीय योजनेत निवडला गेला. काठ सजवणे सोपे. (ते छायाचित्रातही दिसते!) खरे काम घरोघरच्या मोऱ्या शोधण्याचे. त्याची रीत साधी आहे: मोरीत रंगीत पाणी ओतावे आणि रंग कोठे निघतो ते पाहावे, भुयारी गटारात की पावसाच्या नाल्यात.