चोळू नका, दाबून धरा

माझ्या छातीत धातूची झडप आहे. लहानपणच्या ऱ्हुमॅटिक तापाने मूळची खराब केली, चाळिशीत ती बदलावी लागली. रात्री घर निजलं की तिची टिकटिक ऐकू येते; नातू मुद्दाम कान लावून बसतो. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रोज संध्याकाळी असेनोकुमारॉलची गोळी घ्यायची. घरात तिचं नाव 'रक्त पातळ करायची गोळी'. खरं तर रक्त पातळबितळ होत नाही, ते गोठायला वेळ लागतो एवढंच.

पावसाळ्याआधी फ्लूची लस घ्या, असं हृदयरोगतज्ज्ञांनी सांगितलं, तेव्हा मी कुरकुर केली नाही. 2009च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी इथे पुण्यात गेला. तोंडाला रुमाल बांधून फिरणारं ते शहर मी पाहिलंय.

जवळच्याच एका दवाखान्यात गेले. सिस्टरने विचारलं, ताप आहे का, कशाची अॅलर्जी आहे का? दोन्हींना नाही म्हटलं. गोळीचं तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. वीस वर्षं घेतलेली गोळी मिठासारखी होते, कोण मुद्दाम सांगतं? आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यातच आली नाही. आदल्याच आठवड्यात जुलाबांसाठी मेट्रोनिडाझोल घेतलं होतं आणि शेवटचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी, दोन महिन्यांपूर्वीचा होता. मेट्रोनिडाझोलने आमच्या गोळीचा जोर भलताच वाढतो.

सुई टोचून झाल्यावर सिस्टर म्हणाली, "चोळा जरा." मी रिक्षात घरापर्यंत इमानाने चोळत आले. संध्याकाळी दंड जड झाला. जाऊबाईंनी गरम पाण्याची पिशवी दिली, वर बाम लावून रगडलं. रात्री गुडघ्यासाठी आणलेली डायक्लोफेनॅकची उरलेली गोळी घेतली. सगळ्या चुका एकाच दिवशी, त्यातल्या निम्म्या मायेपोटी.

सकाळी खांद्यापासून कोपरापर्यंत दंड जांभळासारखा. ब्लाउजच्या बाहीत हात जाईना. आयएनआर निघाला 4.9, माझा 2.5 ते 3.5 हवा. डॉक्टरांनी गोळीचं प्रमाण बदललं. डाग आधी हिरवा, मग पिवळा होत तीन आठवड्यांनी गेला.

पुढच्या वर्षी लसीच्या वेळी शेजारच्या काकांनी शहाणपण शिकवलं, "दोन दिवस गोळी बंद ठेवा की!" मला पटलंही होतं. नशिबाने आधी डॉक्टरांना फोन केला. ते चिडलेच. "दंड काळानिळा झाला तर बरा होतो. झडपेवरची गुठळी मेंदूत गेली तर अर्धं अंग जातं."

तेव्हापासून माझी रीत ठरलेली आहे. लसीच्या दोन-तीन दिवस आधी आयएनआर करते. तो जास्त आला तर डॉक्टर सांगतील तेव्हाच लस. गोळी नेहमीच्या वेळी. बाही वर करण्याआधीच सांगते, "मी रक्त पातळ करायची गोळी घेते, सुई बारीक घ्या." 23 किंवा 25 नंबरची चालते. नंबर मोठा तितकी सुई बारीक, हे मला उलटंच वाटायचं. मग कापूस घट्ट दाबून धरायचा, निदान दोन मिनिटं, अजिबात न चोळता. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही बेताने. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन आणि मनाने घेतलेली अॅस्पिरिन नको. थोडा निळा डाग पडला तर घाबरत नाही. पण सूज वाढत गेली, दंड ताठरला, बोटांना मुंग्या आल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

माझ्या नणंदेला एपिक्साबॅन ही रक्त पातळ करायची दुसरी गोळी चालू आहे. तिला आयएनआर लागत नाही, म्हणून तिला वाटायचं यातलं काही आपल्याला लागू नाही. तिलाही सांगितलं: सिस्टरला बोलायचंच, आणि त्या दिवशीची गोळी कधी घ्यायची ते आधी विचारून ठेवायचं.

यंदा मे महिन्यात दोघी बरोबरच गेलो. सिस्टर नवी होती, सवयीने म्हणाली, "चोळा जरा." नणंद माझ्याआधी ओरडली, "नाही हं!"